आडाचा दोर

माझा हात उंचावर कापतो, ही गोष्ट साऱ्या लातुरात एकाच माणसाला माहीत होती. ते माणूस म्हणजे माझी बायको सुलोचना. पेंटरचा हात कापतो म्हटल्यावर त्याला काम कोण देणार? म्हणून मी बाहेर सांगायचो, "आपण उंच कामं घेत नसतो. अक्षर माणसाच्या डोळ्यांसमोर पाहिजे, डोक्यावर नको." लोकांना हे माझं तत्त्व वाटायचं. एका वकिलांनी तर चारचौघांत कौतुक केलं की बघा, हा पेंटर पैशामागं लागत नाही. तत्त्व कसलं डोंबलाचं! शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गेलो की माझ्या तळपायांना घाम फुटायचा. त्या घामानं चप्पल निसटायची, म्हणून आणखी भीती.

पाट्या रंगवण्यात माझी सारी उमेदीची वर्षं गेली. आता ते काम मशीन करतं. मोबाइलवर फोटो पाठवला की संध्याकाळी छापलेलं कापड हातात. त्यामुळं नव्या पोरांना सांगावं लागतं, की पाटी लिहिणं म्हणजे अर्धं काम पुसण्याचं असतं. आधी पत्रा घासून गंज काढायचा, अस्तर द्यायचं, ते वाळू द्यायचं. मग खडूत घोळलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलायची आणि सोडायची. टप् करून पांढरी रेघ उमटते. खाली एक, वर एक, आणि त्या दोन रेघांत अक्षरं बसवायची. शेवटचं अक्षर दाटीवाटीनं कोपऱ्यात कोंबलेलं दिसलं, की पेंटर नवखा आहे असं खुशाल समजा. ब्रशनं अक्षर लिहीत नाहीत, ओढतात, आणि ओढताना श्वास धरतात. उभी रेघ खाली टेकली की मग सोडायचा. जन्मभर असा श्वास धरल्यामुळं म्हणा की काय, मला बोलतानाही मध्येच थांबायची सवय लागली आहे.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या धंद्याची सुगीच आली. तोवर आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात होतो. ग्रामपंचायती, शाळा, सोसायट्या, दवाखाने, साऱ्यांच्या पाट्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव. ते पुसून नवं घालायचं. मी सायकलला डबे अडकवून गावोगाव फिरायचो. एका सरपंचाला 'जिल्हा लातूर' एवढं मोठं पाहिजे होतं, की गावाचं नाव घालायला जागाच उरेना. मी तसं म्हणालो, तर म्हणतो, "गावाचं नाव गावाला ठाव हाय की!" रेणापूरकडच्या एका रेशन दुकानदारानं मला बाजूला घेतलं. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "पेंटर, जुन्या नावावर रंग जरा पातळच मारा. उद्या जिल्हा परत गेला तर? खरडून काढला की खालचं नाव हाय तसं मिळंल." असली माणसं भेटायची. मी त्याला पातळ मारून दिला, पैसे मात्र जाड घेतले.

पण ह्या सुगीत आमच्या घरात भीती मुक्कामाला आली होती. पावसानं दगा दिला होता. जुनी माणसं बाहत्तरच्या दुष्काळाची आठवण काढायला लागली, की समजावं दिवस वाईट आहेत. गल्लीतल्या आडाचं पाणी संक्रांतीलाच तळाला गेलं. नंतर पोहरा सोडला की नुसता खडखड वाजायचा.

आमची भीती मात्र पाण्याची नव्हती, भिशीची होती. भिशी म्हणजे गल्लीतल्या बायकांची बँक. दर महिन्याला प्रत्येकीनं ठरलेले पैसे टाकायचे आणि जमलेला गल्ला पाळीपाळीनं एकीनं उचलायचा. त्याला कागद नाही, सही नाही. जिच्या घरी भिशी, तिच्या जबानीवर सारा कारभार. एखादीनं आपली पाळी उचलून पुढचे हप्ते बुडवले, तर ते भिशीवालीनं भरायचे, असा रिवाज. आमच्या गल्लीची भिशीवाली होती सुलोचना. तिच्या शब्दाला गल्लीत जी किंमत होती ती माझ्या अक्षरालाही नव्हती.

त्या साली तीन घरांनी आधीच भिशी उचलली होती आणि मग दुष्काळानं ती घरं उठली. एक पुण्याकडं गेलं, दोन उसाच्या तोडीला गेली. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण दारांना कुलपं लागली आणि त्यांचे हप्ते आमच्या अंगावर आले. शेवटची पाळी होती शेवंताक्काची.

शेवंताक्का म्हणजे आमच्या समोरच्या घरातली विधवा बाई. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. शेवटची पाळी तिनं मागून घेतली होती. "पैसा आधी हातात आला तर पोटात जाईल, त्यो थेट लग्नालाच येऊ दे," असं तिचं म्हणणं. लेक रत्नाचं लग्न नांदेडच्या सोयऱ्यांशी ठरलं होतं. बुद्धपौर्णिमेला विहारात लग्न लागायचं होतं. मुलाकडचे लोक नोकरदार, मागणी काही नव्हती, पण तारीख हलवायची नाही असं त्यांनी बजावलेलं. हललीच तर दुसरी मुलगी बघायला त्यांना वेळ लागला नसता. म्हणजे पौर्णिमेच्या आत गल्ला पुरा भरला नाही, तर रत्नाचं लग्न मोडणार आणि ते सुलोचनाच्या जबानीवर मोडणार.

तिची झोप उडाली. माझीही. उंबऱ्याबाहेर चपलेचा आवाज झाला की आम्ही दोघं बोलता बोलता गप्प व्हायचो. शेवंताक्का रोज दारावरून जायची, 'जेवलीस का सुलू' विचारायची, पण भिशीचं चकार शब्दानं विचारायची नाही. मागितले असते तर बरं वाटलं असतं. तिच्या त्या न विचारण्याचीच मला जास्त धास्ती वाटायची.

सुलोचनानं घराचा खर्च असा आवळला, की तेलाच्या बाटलीला बूच लागलं ते लागलंच. फोडणी बंद झाली. भाजीऐवजी तिखट-मीठ आणि भाकरी. चहा काळा, मग तोही फक्त मला, कारण कामाला जायचं असतं. मी पान सोडलं. सायकलचं टायर तारेनं शिवून चालवलं. ती रद्दीच्या पिशव्या चिकटवून वाण्याला द्यायची, लोकांच्या वाकळी शिवून द्यायची. लुगड्याच्या चिंध्यांत सुया टोचत बसलेली असायची आणि मध्येच हात थांबायचा. मी विचारायचो, "काय झालं?" ती म्हणायची, "काई न्हाई. नांदेडचा सोयरा दारात आल्यासारखा वाटला."

मीही मिळेल ते करत होतो. दुष्काळानं एक नवंच काम काढलं होतं. रॉकेलच्या, तेलाच्या जुन्या टाक्या धुऊन ट्रकवर चढवायच्या आणि त्यांवर 'पिण्याचे पाणी' असं लिहायचं. एका गावात बाया माझ्यावरच उठल्या. म्हणाल्या, "पेंटर, नुसतं लिव्हल्यानं रॉकेलाचा वास जातो का रे?" मी काय सांगणार? अक्षर माझं, पाणी सरकारचं.

आंध्राच्या हद्दीवरच्या धर्माबादच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्यानं बोलावलं म्हणून नांदेडहून रेल्वेनं तिकडंही गेलो. त्याला पाटी मराठीत आणि तेलुगूत पाहिजे होती. मला तेलुगूचं एक अक्षर येत नाही. पण पैसे दुप्पट मिळणार होते, म्हणून मान डोलावली. त्यानं चिठ्ठीवर लिहून दिलेलं मी चित्र काढल्यासारखं गोल गोल काढत गेलो. काय लिहितोय देव जाणे. बाजारातली माणसं मागं गोळा झाली आणि कुजबुजायला लागली. माझ्या कानशिलांतून घाम निथळायला लागला. शेवटी एक म्हातारा पुढं आला, चष्मा सावरला आणि दुकानाचं नाव मोठ्यानं वाचलं. वाचता आलं म्हणजे बरोबर असणार! मी तिथंच पायरीवर बसलो. व्यापाऱ्याला वाटलं उन्हानं चक्कर आली. त्यानं ताक पाजलं. कितीतरी दिवसांनी मी ताक प्यालो होतो.

एवढं करूनही खड्डा काही बुजेना. पौर्णिमा तोंडावर आली आणि त्याच सुमाराला हबीबभाई दारात येऊन उभा राहिला. हबीबभाई गुत्तेदार. सरकारी इमारतींच्या रंगाची कामं घ्यायचा. उदगीर रोडच्या एका गावात पाण्याची उंच टाकी होती, चार खांबांवर उभी. तिकडं कुणी मोठे साहेब येणार होते. त्याआधी टाकीवर लांबून दिसेल असं गावाचं नाव आणि खाली 'जिल्हा लातूर' घालायचं होतं.

"पेंटरसाब, तुमारा हात होना मेरे कू," हबीबभाई म्हणाला. "दूसरा कोई नक्को. पैसा रोकडा."

त्यानं आकडा सांगितला. मी सुलोचनाकडं पाहिलं. तेवढ्यात सारा खड्डा बुजत होता. तिनं नजर खाली घातली. मला कळलं, तिला 'हो' म्हणायचं होतं आणि म्हणायचं नव्हतं. मीच म्हणालो, "करतो."

आमच्या धंद्यात रिवाज असा, की उंच कामाला रंग गुत्तेदाराचा. ब्रश, फळी आणि दोर पेंटरचा. फळीला दोन्हीकडून दोर बांधून झोका करायचा, तो वरून सोडायचा, त्यावर बसून लिहायचं. मी उंच कामं घेतच नव्हतो, तर माझ्याकडं दोर कुठला? आणि नवा घ्यायचा तर मिळणाऱ्या पैशाला तिथंच भोक पडणार.

सुलोचनानं वर बघितलं. आमच्या पत्र्याखाली खुंटीला आडाचा दोर टांगलेला होता. अंबाडीचा, अंगठ्याहून जाड, गल्लीनं वर्गणी काढून घेतलेला. आड आटल्यावर कुणी चोरून नेऊ नये म्हणून तिनंच तो गुंडाळून घरात आणून ठेवला होता.

"ह्यो हाय की," ती म्हणाली. "इतकी वर्सं भरला पोहरा वडला ह्यानं. तुमचं वजन ते काय?" मग जरा वेळानं म्हणाली, "अवं, नगाच जाऊ. मी सांगते आक्काला."

"काय सांगशील?"

उठून तिनं दोर खाली काढला.

टाकीखाली मी पोचलो तेव्हा घागरींची रांग लागलेली होती. टँकर यायचा होता, म्हणून सगळ्यांना माझ्याकडं बघायला सवड होती. शिडी चढताना मी प्रत्येक पायरीला टाकीकडंच बघत होतो, तरी खालून एकजण ओरडला, "पेंटर, वर चाललाच हाईत तर टाकीत पानी हाय का बघा की!" सगळे हसले. टाकी तर कधीची कोरडी होती. माझ्या तोंडासारखीच.

हबीबभाईनं दोराची दोन्ही टोकं वरच्या लोखंडी कठड्याला बांधली, झोका सोडला. मी त्यावर कसा बसलो ते मला आजही सांगता येत नाही. एका हातानं दोर, एका हातानं ब्रश. वारं आलं की फळी टाकीवर आपटायची. गावाचं नाव झालं. हबीबभाईनं झोका जरा खाली सोडला. 'जिल्हा' झालं. निळा रंग उन्हात चकाकत होता. मला वाटलं, झालं की! इतके दिवस उगीच घाबरलो. 'ला'ची रेघ ओढायला श्वास धरला आणि डोक्यावर 'तट्' असा आवाज झाला.

वर पाहिलं तर उजवीकडच्या दोराचा एक पेड तुटून उलगडत होता. दोर जागेवरच हळूहळू फिरत होता आणि त्यातून भुसा गळत होता. मला ओरडता आलं नाही. खालची रांग एकदम गप्प झाली, त्यावरून हबीबभाईला कळलं असणार. वरून तो बोलला, अगदी हळू, जनावराला चुचकारावं तसं.

"पेंटरसाब, नीचे नक्को देखो. सीढी कू देखो. हात लंबा करो."

शिडी हाताच्या अंतरावर होती, पण तेवढं अंतर मला गावाएवढं वाटलं. दुसरा पेड तुटला तेव्हा मी शिडीवर झेप घेतली. फळी उलटली, डबा खाली गेला आणि घागरींवर निळा रंग उडाला. मी शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि डोळे मिटले. ते उघडेचनात. हबीबभाई वरून उतरला, मला वळसा घालून खाली आला आणि माझं एकेक पाऊल स्वतःच्या हातानं धरून पायरीवर ठेवत गेला. "अब बायाँ. अब दायाँ." लहान लेकराला चालायला शिकवतात तसं त्यानं मला जमिनीवर आणलं. जमिनीवर आल्यावर मी रडलो. सगळ्या गावासमोर रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

हबीबभाई वाईट माणूस नव्हता, पण त्याच्याही मानेवर सुरी होती. पाणी पाजून झाल्यावर म्हणाला, "काम अधूरा है, पेंटरसाब. साब लोगां तीन दिन में आ रैं. पूरा पैसा पूरे काम का."

घरी आलो तर सुलोचना निळ्या रंगानं माखलेले माझे कपडे बघत राहिली. मग दोराचं तुटलेलं टोक तिनं हातात घेतलं. चूल पेटवायला बसली आणि काडी ओढता ओढता तिचे हात थरथरायला लागले. उंचावर माझा हात कापायचा. जमिनीवर बसून तिचा कापलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

सकाळी शेवंताक्का आली. गल्लीत गोष्ट पोचायला वेळ लागतो होय! तिनं उंबऱ्यातच बसून दोराचं टोक चुरगाळलं. बोटांत पीठ झालं.

"ह्यो तुटला न्हाई, सुलू," ती म्हणाली. "ह्यो सुकला. आडाचा दोर वला ऱ्हातो तवर जगतो. इतके दिस पत्र्याखाली तापून राहिला, त्याच्यात जीव कुठला ऱ्हायचा?" आणि मग माझ्याकडं वळून, "भाऊ, माझ्या लेकीच्या लग्नापायी चढला व्हता न्हवं तुम्ही? मला असली भिशी नगं. मी कळवते नांदेडला."

"कळवायचं न्हाई, आक्का," सुलोचना म्हणाली. "मी जबान दिल्ती."

"जबान मोठी का नवरा?"

सुलोचनानं पदर तोंडावर घेतला. मी दोघींकडं पाहत बसलो होतो. मला खरं तर शेवंताक्काच्या पाया पडून म्हणावंसं वाटत होतं, की कळवा, बाई, आजच कळवा. पण कुलूप लागलेल्या घरांसमोर रत्ना उभी होती, रिकामी घागर घेऊन. तिनं सगळं ऐकलं होतं.

शेवंताक्का बोटांतला भुसा झटकत एकदम म्हणाली, "आडाचं चाक कुठंय?"

आड आटल्यावर त्याचं लोखंडी चाकही आमच्याच घरी आणून ठेवलेलं होतं.

"दोर नवा आणायचा. जमलेल्या भिशीतूनच आणायचा, माझा पैसा हाय, मी म्हणते. चाक टाकीला वर बांधायचं. भाऊ फळीवर बसतील आन् खालून वडायचं आपण. भरला पोहरा वडायला कवा कुनी गडीमानूस बोलावला व्हता का?"

तसं खरंच होतं. आमचा आड खोल. एकटीला पोहरा ओढवायचा नाही. दोघी दोघी मिळून ओढायच्या. एकीचा हात वर गेला की दुसरीचा खाली, दोर कधी मोकळा सुटायचा नाही. त्या ओढण्यानं गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या तळहातांना घट्टे पडले होते. हबीबभाईवर, कठड्यावर, स्वतःवरही माझा विश्वास उरला नव्हता. पण ते घट्टे मी रोज पाहत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. सुलोचना, शेवंताक्का, गल्लीतल्या आणखी दोघी, नवा दोर, आडाचं चाक आणि मी. हबीबभाईनं बायका बघून कपाळाला हात लावला. पण चाक वर बांधून दिलं, आणि दोराचे दोन वेढे टाकीच्या खांबाला घेतले, म्हणजे हात सुटला तरी फळी धाडकन खाली येणार नाही. मी फळीवर बसलो. काटकसरीनं माझं वजन उतरलेलं होतं, ते असं कामी आलं.

"वड!" शेवंताक्का म्हणाली, आणि मी वर निघालो.

भीती गेली असं कुणी समजू नये. उलट ती जास्त होती. पहिल्या वेळी दोराची खात्री होती. आता दोर तुटतो कसा हे मला माहीत होतं. चाक कुरकुरलं की मी वर दोराकडं बघायचो. पुढच्या अक्षरासाठी चाक हलवायला दरवेळी खाली यायचं, हबीबभाईनं ते सरकवायचं आणि परत वर जायचं. दरवेळी मला वाटायचं आता सांगावं की बस, मला जमत नाही. पण खालून शेवंताक्का आणि सुलोचनाचा आवाज यायचा, आडावर यायचा तसाच, "घे... सोड... घे... सोड..." त्या आवाजावर मी श्वास धरायचो आणि सोडायचो. 'ला' पुरा झाला. 'तू'ची गाठ आली. 'र' आला. 'र'चं शेपूट ओढताना हात असा कापला, की ते जरा वाकडं गेलं. मी ते तसंच राहू दिलं. एका हातानं दोर एवढा घट्ट धरला होता, की ओल्या निळ्या रंगाचा पंजा त्यावर उमटला.

खाली आलो तेव्हा बायका धापा टाकत जमिनीवर बसल्या होत्या. सुलोचनानं हात पुढं केला. मला वाटलं, उठवायला केला. तर तिनं माझा हात उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा करून बघितला, सगळी बोटं जागेवर आहेत का म्हणून. शेवंताक्का म्हणाली, "बघते काय? पोहरा सांडला न्हाई आपला."

पौर्णिमेच्या आधी भिशी पुरी झाली. नव्या दोराचे पैसे गल्ल्यातून वजा करा असं शेवंताक्का म्हणाली, आम्ही ऐकलं नाही, तिनंही ऐकलं नाही, शेवटी ते तिनंच सोसले. विहारात रत्नाचं लग्न लागलं. नांदेडच्या सोयऱ्यांना मुलीमागं केवढं रामायण झालं ते कधीच कळलं नाही. सुलोचनाचा उजवा खांदा मात्र त्या दिवसापासून धरला तो कायमचाच. म्हातारपणी तिला तो हात वर करून वेणी घालता यायची नाही, मीच घालून द्यायचो. त्याची रुखरुख मला आहे. मी एक दिवस उंच गेलो आणि त्याचं ओझं तिनं जन्मभर वाहिलं. त्यानंतर मी परत कधी उंच काम घेतलं नाही, आणि आता तत्त्व म्हणून सांगायचंही सोडून दिलं. कुणी विचारलं तर सरळ म्हणायचो, "भीती वाटते."

पुढच्या साली आडाला पाणी आलं. नवा दोर, जुनं चाक, पुन्हा आडावर चढलं. दोराच्या त्या टोकाला पोहरा बांधला जिथं माझी फळी होती, त्यामुळं पोहऱ्याच्या जरा वर माझ्या हाताचा निळा डाग राहिला. ऑइल पेंट, पाण्यानं जाणार थोडाच! बायकांना त्या डागाचा चांगला उपयोग झाला. ओढता ओढता तो डाग हातात आला, की पोहरा काठाशी आला असं समजायचं आणि दुसरीनं वाकून तो धरायचा.

मी घरात पाटी रंगवत बसलेलो असायचो. बाहेर चाक कुरकुरायचं. घे, सोड, घे, सोड. आणि मग शेवंताक्काचा आवाज यायचा, "पेंटर आला गं, धर!"

सगळ्या हसायच्या. सुलोचनाही हसायची. माझ्या हातातला ब्रश मात्र तिथंच थांबायचा, आणि पोहरा काठावर टेकल्याचा आवाज येईपर्यंत मी श्वास धरून बसायचो.